पक्ष्याच्या नजरेपुढे जागा ठेवणारं क्रॉप टूल कोणतं? लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल आणि स्नॅपसीड

किनाऱ्यावर पक्षी टिपणाऱ्याची क्रॉपपासून, म्हणजे फोटोच्या कडा कापण्यापासून, सुटका नाही. हिवाळ्यात हर्णैच्या पुळणीवर कुरव आणि सुरय वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असतात, भाट्याच्या खाडीत ओहोटीला चिखल्या आणि तुतारी चिखलात चरत असतात, आणि त्यांच्या-आपल्या मध्ये आडोसा म्हणावा असं काहीच नसतं. पुढे सरकलं की कडेचा पक्षी मान वर करतो, आणखी सरकलं की थवा उठतो. लांबून आलेल्या या पाहुण्यांना ओहोटीचे मोजके तास चरायला मिळतात. ते वाया घालवून मिळालेल्या मोठ्या फोटोपेक्षा लांबून घेतलेला आणि नीट क्रॉप केलेला फोटो केव्हाही चांगला. म्हणून क्रॉपला चूक झाकण्याचा उपाय समजू नये. किनाऱ्यावरच्या छायाचित्रणाचं ते निम्मं काम आहे, आणि ते कोणत्या साधनाने करतो याने खरोखर फरक पडतो.

इथे फोटो संपादनाची तीन साधनं पाहिली आहेत: वर्गणी भरून मिळणारं लाइटरूम क्लासिक, फुकट आणि मुक्त असलेलं डार्कटेबल, आणि फोनवरचं फुकट स्नॅपसीड. रंग, प्रकाश, मास्क वगैरे बाजूला ठेवून फक्त क्रॉपच्या अंगाने. निकाल आधीच सांगतो. पक्ष्यांसाठी लाइटरूम क्लासिकचं क्रॉप टूल सगळ्यांत हाताला बसणारं आहे. डार्कटेबलमध्ये तेच सगळं करता येतं, पण हात बसायला वेळ लागतो. स्नॅपसीड फोनवरून फोटो पाठवण्यापुरतं उत्तम, मोठ्या प्रिंटसाठी नाही.

लाइटरूम क्लासिकमध्ये 'आर' दाबलं की क्रॉप सुरू होतो. चौकट पडद्याच्या मधोमध स्थिर राहते आणि ओढला की खालचा फोटो सरकतो. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण पक्ष्यांच्या बाबतीत हाच सगळ्यांत मोठा फायदा आहे. डोळे चौकटीवर ठरलेले राहतात आणि पक्षी तिच्यात डावीकडे-उजवीकडे सरकवून पाहता येतो. कुठे आल्यावर तो गुदमरतो आणि कुठे मोकळा होतो हे लगेच दिसतं. 'एल' दोनदा दाबलं की चौकटीबाहेरचं सगळं काळं होतं, उरलेला फोटोच तेवढा दिसतो. क्रॉप पक्का करण्याआधी हे दर वेळी करावं. चौकटीबाहेरचा फिकट भाग दिसत असेल तर मन त्यालाही फोटोत धरतं आणि जागा पुरेशी आहे असा भास होतो.

एक सेटिंग सुरुवातीलाच बदला. क्रॉप उघडला की तीन भागांची जाळी आपोआप येते आणि हात नकळत पक्ष्याचा डोळा तिच्या छेदबिंदूवर नेऊन ठेवतो. पक्ष्यांच्या फोटोत ही सवय घात करते, कारण जाळीला पक्षी कुठे पाहतोय हे कळत नाही. खालच्या पट्टीत टूल ओव्हरले 'नेव्हर' करा किंवा 'एच' दाबून जाळी घालवा. चौकट आधी नजरेने ठरवा, मग हवी तर जाळी आणून पडताळा. 'ओ' दाबत गेलं की तिसरा भाग, कर्ण, त्रिकोण, सोनेरी सर्पिल अशा जाळ्या एकामागून एक येतात. पक्ष्यांसाठी यातली खरी उपयोगी एकच: वेगवेगळ्या प्रमाणांच्या चौकटी एकाच वेळी दाखवणारी. तिच्याबद्दल पुढे.

आधी पाणी सरळ

कोकणातल्या फोटोत पाणी येतंच, आणि वाकडं पाणी कुणालाही खटकतं. ६००० पिक्सेल रुंद फोटोत क्षितिज १ अंशाने कललं असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो. म्हणून पहिली पायरी फोटो सरळ करणं, प्रमाण आणि जागा त्यानंतर. क्रम उलटा केला तर फिरवताना कोपरे पुन्हा कापले जातात आणि हिशोबाने ठेवलेली जागा जाते. हे नुकसान छोटं नसतं: रुंदी-उंचीचं ३:२ प्रमाण कायम ठेवून फोटो ३ अंश फिरवला तर ६००० पिक्सेलची रुंदी साधारण ५५७० वर येते. घारीच्या पंखाचं टोक कडेला टेकलेलं असेल तर ते इथेच जातं.

लाइटरूममध्ये क्रॉप चालू असताना कंट्रोल धरून (मॅकवर कमांड) फोटोवर एक रेघ ओढली की फोटो तिच्यानुसार सरळ होतो. समुद्राचं क्षितिज दिसत असेल तर काम सोपं, रेघ त्यावरून ओढायची. लाट पुळणीला भिडते त्या फेसाच्या कडेवरून मात्र कधीही ओढू नका. ती कड किनाऱ्याच्या वळणाप्रमाणे तिरपी असते, तिला आडवी केली तर सगळा समुद्र उतारावर जातो. 'ऑटो' बटणाची चूकही अशीच होते. खाडीचा तिरपा काठ किंवा होडीची कललेली डोलकाठी त्याला आधाररेषा वाटते. उघड्या समुद्रावर ऑटो बरं चालतं, कांदळवनात त्याच्यावर विसंबू नये.

खाडीत क्षितिज दिसत नाही, समोर कांदळवन असतं. अशा वेळी स्थिर पाण्यातलं प्रतिबिंब कामी येतं. पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातला त्याचाच डोळा एकाच उभ्या रेषेत यायला हवेत. दोन डोळ्यांना जोडणारी रेघ ओढा, लाइटरूम ती उभी करून देतं. डोळा नीट दिसत नसेल तर चोचीचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब घ्या, किंवा पाण्यात उभा असलेला खांब आणि त्याची पाण्यातली टोकं. फक्त पाणी खरोखर शांत हवं. वाऱ्याने प्रतिबिंब मोडलं असेल तर ते बाजूला सरकलेलं दिसतं आणि रेघ चुकते.

नजर, मग बाकीचं

पक्षी ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला मागच्यापेक्षा जास्त जागा हवी, हे सगळेच सांगतात. किती, हे मात्र कुणी सांगत नाही. पक्षी सोडून उरलेल्या रुंदीचे तीन भाग करा, दोन पुढे आणि एक मागे ठेवा. ब्राह्मणी घार आडवी उडते आहे आणि पंख-शेपटीसकट तिने १५०० पिक्सेल व्यापलेत असं धरा. ३६०० पिक्सेल रुंद चौकट घेतली तर २१०० उरतात: पुढे १४००, मागे ७००. या मापाने सुरू करा आणि नजरेने सरकवा. वेगात जाणारा सुरय असेल तर पुढे आणखी थोडी जागा लागते, संथ तरंगणाऱ्या घारीला कमी चालते. थेट आपल्याकडे उडत येणारा पक्षी मात्र मधोमध ठेवावा. त्याला कडेला ढकलला तर दुसरी बाजू उगाच रिकामी राहते.

नजर नेहमी आडवी नसते, आणि बहुतेक क्रॉप इथेच फसतात. काठावर दबा धरून बसलेला वंचक खाली पाण्यात पाहत असतो. त्याच्या पायांखालची जागा 'रिकामी' समजून कापली की फोटोतला नेमका विषयच जातो, कारण तो ज्या पाण्यावर नजर लावून बसलाय ते पाणी आता दिसत नाही. जेटीच्या खांबावरच्या खंड्याचंही तसंच. त्याची चोच खाली तिरकी असते, म्हणून मोकळी जागा चोचीच्या रेषेत, खालच्या कोपऱ्याकडे हवी, आणि डोक्यावरचं आकाश कमी केलं तरी चालतं. पक्षी मागे वळून पाठ साफ करत असेल तर शरीर एकीकडे आणि डोळा दुसरीकडे. बसलेल्या पक्ष्यात डोळ्याचं ऐकावं, उडणाऱ्या पक्ष्यात उड्डाणाच्या दिशेचं.

थव्याचा क्रॉप वेगळ्या पद्धतीने ठरतो. बसलेल्या कुरवांत आधी दोन फटी शोधा, जिथून चौकटीची कड कुणालाही न कापता जाईल. अर्धा कापलेला एक पक्षी पन्नास पूर्ण पक्ष्यांवरून लक्ष ओढून घेतो. मग कडेच्या पक्ष्यांची तोंडं पाहा. डावीकडचा शेवटचा पक्षी उजवीकडे पाहत असेल तर तो थवा बंद करतो, बाहेर पाहत असेल तर नजर फोटोबाहेर जाते. वाऱ्यामुळे बहुतेकांची तोंडं एकाच बाजूला असतात, म्हणून निदान ज्या बाजूला ती वळलेली आहेत तिकडे पुळण जास्त सोडा. अशा थव्याला १६:९ चांगलं दिसतं, कधी २:१ ही. लाइटरूममध्ये 'कस्टम' निवडून आकडे टाकता येतात.

आता एका साध्या फोटोवर हे सगळं जवळून पाहू, कारण ओल्या वाळूवरचा चिखल्या प्रत्येकाच्या कार्डात असतो. गुहागरची पुळण, सकाळची वेळ, सूर्य अजून माडांच्या मागून येतोय आणि समुद्राकडच्या पक्ष्यावर सरळ पडतोय. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० चा फोटो. चोचीपासून शेपटीपर्यंत पक्षी ६०० पिक्सेल, उंची पायांसकट सुमारे ५२०. खाली तेवढंच प्रतिबिंब, म्हणजे एकूण उंची १०४० च्या आसपास. आडवी २४०० बाय १६०० ची चौकट घेतली तर पक्षी रुंदीच्या पाव भागात येतो. किनारा दाखवायचा असेल तर हे प्रमाण चांगलं. उंचीत उरलेल्या ५६० पैकी वर थोडं जास्त, खाली थोडं कमी. पाय आणि प्रतिबिंब मिळतात ती रेषा जवळपास मधोमध येते आणि इथे ती तशीच यावी, कारण वरचं-खालचं सारखंच आहे. जाळीच्या नादाने ती वर ढकलली तर प्रतिबिंब उगाच मोठं आणि चिखल्या दुय्यम होतो.

हाच फोटो उभा करून पाहा. १२८० बाय १६०० म्हणजे ४:५. रुंदीत ६८० उरतात, पैकी ४५० पुढे, २३० मागे. आता पक्षी जवळ आल्यासारखा वाटतो, छातीवरचा पट्टा वाचता येतो, पण पुळणीचा विस्तार गेला. दोन्ही क्रॉप बरोबर आहेत, दोन वेगळ्या कामांसाठी. लाट येऊन प्रतिबिंब मोडलं असेल तर ते पूर्ण ठेवण्याचा हट्ट नको. फक्त पायांच्या प्रतिबिंबापर्यंत ठेवा आणि तिथे थांबा. प्रतिबिंबातल्या डोक्यातून किंवा छातीतून कड गेली की अपघात झाल्यासारखं दिसतं.

असे दोन-तीन क्रॉप एकाच फोटोचे करून शेजारी ठेवण्यासाठी लाइटरूमची 'व्हर्च्युअल कॉपी' अतिशय सोयीची. कंट्रोल आणि अवतरणचिन्हाची कळ दाबली की प्रत तयार, डिस्कवर दुसरी फाइल नाही. मूळ फाइल कधीच कापली जात नाही. आज घट्ट केलेला क्रॉप सहा महिन्यांनी सैल करता येतो आणि पक्ष्यांच्या फोटोंत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. पहिल्या उत्साहात सगळेच घट्ट कापतात.

कडा आणि कोपरे

चौकट ठरली की डोळा पक्ष्यावरून काढून कडांवर फिरवा: डावा वरचा कोपरा, वरची कड, उजवा कोपरा, असं पूर्ण एक चक्कर. कोकणात कडेला हमखास सापडणाऱ्या गोष्टी म्हणजे फेसाचा पांढरा तुकडा, नांगराची दोरी, प्लॅस्टिकची बाटली, शेजारच्या पक्ष्याची शेपटी, कोपऱ्यातून घुसलेली कांदळाची काडी. पक्ष्यापेक्षा उजळ काहीही कडेला असेल तर नजर तिकडे जाते. त्यावरचा उपाय बहुतेक वेळा चौकट २०-३० पिक्सेल सरकवणं एवढाच असतो. फांदी कापावीच लागत असेल तर कोपऱ्यातून नको, कडेच्या मध्यावरून जाऊ द्या.

पक्षी कापायचा असेल तर ठरवून कापा. पंखाचं टोक किंवा शेपटीचं टोक थोडंसं गेलं तर ती चूकच वाटते. नखं नेमकी खालच्या कडेला टेकली तरीही. एकतर सगळं आत ठेवून भोवती मोकळी जागा द्या, नाहीतर सरळ डोकं-छातीचं पोर्ट्रेट करा. उंबरावर बसलेल्या मलबारी कवड्या धनेशाचं उदाहरण घ्या. चोच आडवी आणि शेपटी खाली लोंबलेली, म्हणजे पक्ष्याचा आकारच कोनासारखा. आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना नुसती पानं भरतात, ४:५ उभ्या चौकटीत तो नीट बसतो. शेपटीच्या टोकाखाली आणि चोचीवरच्या टोपावर जागा हवीच. पोर्ट्रेट करायचं तर मानेवर कापू नका, छातीचा काळा भाग संपून पांढरं पोट सुरू होतं त्याच्या जरा वर कापा, म्हणजे डोक्याला खाली आधार राहतो.

एक गोष्ट क्रॉपने सुटत नाही. क्षितिजरेषा पक्ष्याच्या मानेतून किंवा डोळ्यातून गेली असेल तर चौकट कितीही फिरवली तरी ती तिथेच राहते. ती चूक कॅमेरा वर-खाली करूनच टाळायची. दुपारच्या झळेचंही तेच. तापलेल्या वाळूवरून उठणाऱ्या हवेत लांबचा पक्षी विरघळल्यासारखा येतो आणि क्रॉप तो धूसरपणा मोठा करून दाखवतो.

किती कापावं

लांबी-रुंदी अर्धी केली की पिक्सेल पाव उरतात: ६००० बाय ४००० चे ३००० बाय २०००, म्हणजे २४ चे ६ मेगापिक्सेल. चौकटीच्या हिशोबाने ४०० मिमीची लेन्स ८०० सारखी झाली, पण तपशील वाढला नाही. दाणेदारपणाही वाढतो. तेवढ्याच आकारात पाहिला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० वर काढून अर्धा क्रॉप केलेला फोटो आयएसओ ३२०० वर काढलेल्या पूर्ण फोटोइतका दाणेदार दिसतो. म्हणून पावसात, रायांच्या अंधारात ३२०० वर टिपलेला तिबोटी खंड्या जेमतेम थोडा क्रॉप सहन करतो आणि उघड्या पुळणीवर ४०० वर टिपलेला चिखल्या बराच. संध्याकाळी आरे-वाऱ्याला सूर्यासमोरून जाणाऱ्या पाणकावळ्यांची काळी आकृती वेगळी. त्यात पिसांचा तपशील नसतोच, म्हणून ती खूप कापली तरी टिकते. बिघडतं ते आकाश: जेपेगमध्ये केशरी छटांचे पट्टे दिसू लागतात. असे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढावेत.

पिक्सेल किती उरले हे कापताना दिसायला हवं. लाइटरूममध्ये हे आधीपासून चालू नसतं. 'व्ह्यू ऑप्शन्स'मध्ये जाऊन लूप माहितीच्या एका ओळीत 'क्रॉप्ड डायमेन्शन्स' निवडा, मग 'आय' दाबून ती माहिती पडद्यावर आणा. चौकट ओढत जाल तसे आकडे बदलतात. ही सोय इतकी लपवून ठेवायला नको होती.

'सुपर रिझोल्यूशन' लांबी आणि रुंदी दोन्हीतले पिक्सेल दुप्पट करतं. फोकस पक्का असलेल्या फोटोला मोठ्या प्रिंटसाठी त्याची मदत होते. हललेल्या किंवा झळेत सापडलेल्या पक्ष्याची पिसं त्याने परत येत नाहीत.

लाइटरूमच्या खोड्या

चौकट कोपऱ्याला धरून ओढताना उंची रुंदीपेक्षा जास्त झाली की आडवी चौकट आपोआप उभी होते. घाबरू नका, 'एक्स' दाबलं की पुन्हा आडवी. प्रमाण बंद-चालू करायला 'ए'. कुलूप उघडं राहिलं तर ३:२ ऐवजी भलतंच काहीतरी प्रमाण तयार होतं आणि ते प्रिंटच्या वेळी कळतं. चौकट ओढण्याआधी कुलपाकडे एक नजर टाका.

जास्त त्रास देते ती सिंकची खोडी. घारीचे सलग पंधरा फोटो, एकावर काम केलं आणि क्रॉपची खूण तशीच ठेवून बाकीच्यांवर सिंक केलं (तेच बदल लावले), की क्रॉपही सगळ्यांवर जातो. पक्षी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असल्याने कुठे पंख कापलेला, कुठे पक्षीच बाहेर. सिंकच्या खिडकीत क्रॉपची खूण काढा. उड्डाणाच्या फोटोंत क्रॉप एकेकच करावा लागतो, त्याला पर्याय नाही.

आणि पैशाचा मुद्दा. लाइटरूम क्लासिक विकत मिळत नाही, वर्गणी भरत राहावी लागते. ती थांबवली तर फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलप हा संपादनाचा विभाग बंद होतो, म्हणजे त्यातलं क्रॉप टूल वापरता येत नाही. वर्षातून दोनदा किनाऱ्यावर जाणाऱ्याने एवढ्यासाठी वर्गणी भरावी असं आम्हाला वाटत नाही.

डार्कटेबल आणि स्नॅपसीड

अशांसाठी डार्कटेबल आहे: फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं. इथे सरळ करणं आणि कापणं वेगवेगळ्या मोड्यूलमध्ये आहे. 'रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह' उघडून उजवं बटण दाबून रेघ ओढायची, मग 'क्रॉप' उघडायचा. आधी सरळ, मग कापणं हा क्रम त्यामुळे आपोआप पाळला जातो. हा भाग आम्हाला मनापासून आवडला. प्रमाणाच्या खान्यात हवा तो आकडा टाइप करता येतो, चौकट ओढताना पिक्सेल दिसतात आणि चारही कडा टक्क्यांत देता येतात. मूळ फाइल इथेही अबाधित, बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये राहतात. फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवताना ती छोटी फाइल सोबत न्यायला विसरू नका. उणीव एवढीच की इथे फोटो जागेवर राहतो आणि चौकट फिरते. पक्षी फोटोच्या कोपऱ्यात असेल तर चौकटही कोपऱ्यात जाते आणि तोल पारखायला मोड्यूल बंद करून पाहावं लागतं.

स्नॅपसीडमध्येही फिरवणं आणि कापणं वेगळं आहे, पण तिथे क्रम तुम्हालाच पाळावा लागतो: आधी 'रोटेट', मग 'क्रॉप'. तयार प्रमाणांत १:१, ३:२, ४:३, ५:४, १६:९ मिळतात, फोनवरच्या कामाला पुरे. मागच्या पायरीवर परत जाता येतं. साठवताना वेगळी प्रत ठेवा, मूळ फोटोवर लिहू देऊ नका. दोन तक्रारी आहेत. कापताना किती पिक्सेल उरले ते समोर दिसत नाही. आणि फोनच्या छोट्या पडद्यावर हात फार घट्ट कापतो, कारण पक्षी लहान दिसतो. फोनवर बरोबर वाटेल त्याच्यापेक्षा एक बोट सैल कापा. कडा वाढवणारं 'एक्सपांड' पक्ष्यांच्या फोटोत वापरू नका. ते नसलेलं पाणी आणि नसलेली वाळू जोडतं. वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धांत क्रॉप सहसा चालतो, भर घातलेली चालत नाही, आणि पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागितली जाते.

शेवटी प्रमाणाचा प्रश्न. इन्स्टाग्रामला ४:५ म्हणजे १०८० बाय १३५० पुरतं. लॅबमध्ये ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही तिन्ही मापं २:३ आहेत, म्हणून एकच क्रॉप तिघांना चालतो. ५ बाय ७ आणि ए-४ त्यात बसत नाहीत. वर सांगितलेली, अनेक प्रमाणं एकत्र दाखवणारी लाइटरूमची जाळी इथे कामाला येते. तिच्यात २:३, ५:७ आणि ४:५ तेवढी ठेवा, म्हणजे कोणत्या मापात घारीचा पंख जाणार हे कापण्याआधीच कळतं. १२ बाय १८ ला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, भिंतीवर लांबून पाहायचा असेल तर २०० पीपीआयने २४०० बाय ३६०० वर भागतं. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठेही प्रिंटला देताना फाइल नेमक्या मापातच कापून न्या. ४:५ ची उभी फाइल १२ बाय १८ साठी दिली तर मशीनवरचा माणूस कागद भरायला दोन्ही बाजू कापून मोकळा होतो आणि जाते ती नेमकी चोचीपुढची किंवा शेपटीमागची जागा. प्रमाण वेगळंच ठेवायचं असेल तर ऑर्डरवर लिहून द्या: कापू नये, पांढरी कड चालेल.